बाबांच्या डोळ्याची तक्रार

वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर बसणाऱ्या ताईंचा गावभर लौकिक होता. मीटर जळलेला माणूस आगपाखड करत यायचा, ताई त्याचं शांतपणे पुरतं ऐकून घ्यायच्या आणि तो निवळून परत जायचा. घरी आल्या की मात्र त्यांचे कान संपावर जायचे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यांचे वडील शिंपी. मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, कॅलेंडरवरची बारीक अक्षरंही त्यांनी वाचून दाखवली. पुन्हा मशीनवर बसायची त्यांना कोण घाई! पण नंतर डोळा लाल राहू लागला.

"उजेड सहन होत नाही गं. आत ठणकतंय."

"बाबा, वय झालं, चालायचंच. रोज रोज काय तेच रडगाणं?"

बाबा गप्प झाले. पुन्हा त्यांनी डोळ्याचं नाव काढलं नाही. ताईंना वाटलं, बरं वाटलं असेल. बाबा घरातही काळा चष्मा लावू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "काय हिरो, आज कुठलं शूटिंग?" बाबाही हसले.

मग एकदा त्यांनी शेजाऱ्याच्या सदऱ्याला बाही उलटी जोडली. ताईंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "त्या डोळ्याला सगळं धुरकट दिसतं."

डॉक्टरीणबाईंनी तपासून मान हलवली. "ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण आत दाह राहिला. वेळेवर आला असतात तर बहुधा औषधांनी आटोक्यात आला असता. आता पडद्याला इजा झाली आहे. उरलेली नजर राखायचा प्रयत्न करू."

"अहो, पण मध्यंतरी त्यांची तक्रारच नव्हती!"

"ताई, म्हाताऱ्या माणसाची तक्रार दोन कारणांनी थांबते. एक तर दुखणं थांबतं, नाहीतर ऐकणारं कुणी उरत नाही."

बाहेर येताच ताईंनी विचारलं, "बाबा, का नाही सांगितलंत?"

"दिवसभर लोकांचं ऐकून दमून येतेस. त्यात माझी भर कशाला?"

अरेरे! त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी ताईंनी डोळ्यात थेंब घातले. "दुखतंय का?"

"नाही गं."

ताई उठल्या नाहीत. बाबांचा हात हातात घेऊन बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने बाबा हळूच म्हणाले, "थोडं ठणकतंय." ताईंना रडू आवरेना.

मंडळी, वयाच्या नावावर कुणाचं दुखणं खपवू नका. घरातलं म्हातारं माणूस कुरकुरतंय तोवर ऐका, लगेच दवाखाना गाठा. आणि ते गप्प झालं, तर जास्त घाबरा!