नाव पुकारलं नाही

मृणालीनं आधी एकशे चौऱ्याऐंशी नोंदी उघडून सेव्ह केल्या आणि मग कुणालला फोन लावला. आधी करायचं आणि मग विचारायचं, ही तिची खोड जुनीच.

भिवंडीतल्या त्या धर्मादाय दवाखान्यात लूम कामगारांच्या टीबी तपासणीचं शिबिर झालं होतं. नावं तिनं थेट कॉम्प्युटरवर मराठीत उतरवली होती. कागद वाचवला म्हणून शाबासकीही मिळवली होती. थुंकीच्या डब्यांवर नुसते क्रमांक; कुठला कोणाचा, ते फक्त कॉम्प्युटरमध्ये. शनिवारी कुणालनं ठाण्याहून येऊन नवा प्रोग्राम बसवला आणि सोमवारी सकाळी बघते तर प्रत्येक नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. जुन्या प्रोग्राममध्ये अक्षरं बिघडली की नोंद उघडून सेव्ह करायची, की झालं. सवयीनं तिनं तेच केलं. वर शहाणपणा करून बॅकअपही घेतला, आधीच्याच सीडीवर, जुना पुसून.

"घाबरू नका," कुणाल म्हणाला. "नावं डेटाबेसमध्ये शाबूत आहेत. जुन्या आणि नव्या प्रोग्रामचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, जुळत नाहीये, म्हणून दिसत नाहीत. एक सेटिंग बदललं की दिसतील. फक्त तोवर काही सेव्ह करू नका."

तिनं विचारलं, "आणि केलं असेल तर?"

"मग आता तिथे खरोखरच प्रश्नचिन्हं आहेत."

टेबलावर लॅबचा अहवाल होता. अकरा क्रमांकांपुढे लाल खूण. आणि बाहेर बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली. कुणाची शिफ्ट बुडू नये म्हणून कंपाउंडर सत्तारभाईंनी शिबिरातच सगळ्यांना बजावलं होतं, की सोमवारी दहाला या, नाव पुकारलं तर थांबा, नाही पुकारलं तर सरळ ड्युटीवर जा.

दहा वाजून गेले. सत्तारभाई यादी मागायला दोनदा आले आणि दोन्ही वेळा तिनं प्रिंटर अडकलाय म्हणून सांगितलं. नोकरी जाईल या भीतीनं तिला खुर्चीवरून उठवेना, आणि त्या भीतीची तिला लाजही वाटत होती.

साडेदहाला बाकांवरची माणसं उठू लागली. चेहरे कसे उजळले होते त्यांचे. खिडकीपाशी हिरामण आला, तिच्याच शेलार गावचा, तिच्या घरापासून तिसऱ्या घरातला. टॉवेलात खोकला दाबत हसला.

"पोरी, माजा नाव न्हाय ना पुकारला? देवानं राखला. जातू मी, लूम बंद हाय."

मृणाली उठली ती थेट दवाखान्याच्या मुख्य दाराशी. जाळीचं दार तिनं आतून ओढलं आणि कुलूप घातलं.

"कोणी जाऊ नका," ती म्हणाली. "तुमच्यातल्या अकरा जणांना टीबी आहे. नावं माझ्या हातून पुसली गेलीत. सगळ्यांची पुन्हा तपासणी करावी लागेल."

सगळ्यांच्या पुढे हिरामण उभा होता. हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं.

"मंग मी हाय का त्यात?"

"ठाव न्हाय, काका," मृणाली म्हणाली.