जावयाचा वजीर

जावई म्हणून डोक्यावर घेतलं, तर रविराजनं खेळातसुद्धा लाज सोडली होती. धोंड्याच्या महिन्याचा मान घ्यायला कोल्हारला आला, अनारसे हाणले, आणि आता बुद्धिबळात केलेली चाल खुशाल मागं घेत होता. मानाच्या जावयाला अडवायचं कोणी? पण समोर खेळणाऱ्या सासू बनुबाईंना हरून चालणार नव्हतं. त्या जिंकल्या तरच लेक मोनिका आठवडाभर माहेरी राहणार होती, नाहीतर संध्याकाळीच नवऱ्याबरोबर गाडीत बसणार.

एवढ्यात बनुबाईंच्या घोड्यानं अशा घरात उडी घेतली, की इकडं राजाला शह अन् तिकडं वजिरावर डोळा!

"थांबा मामी, हात चुकला माझा!" रविराज कळवळला.

"आता चाल मागं न्हाई, आदी राजा सांभाळा की!" मोनिका टाळ्या पिटत ओरडली.

राजा सरकला, घोड्यानं वजीर खाल्ला. मोनिका हसून हसून लोळायला लागली. मग मात व्हायला कितीसा उशीर? रविराज पुन्हा डाव मांडू लागला, तसा बनुबाईंनी पटच उचलला.

"जावईबापू, खेळता बरं, पन रडता लई! मोनी हितंच ऱ्हानार. तुमी एकटेच गाडी काढा."