हॉलमध्ये शिकलेली सर्व्हिस

मी टेनिसचा चेंडू बोलतोय. पिवळा म्हणवत नाही आता, मातकट म्हणा. ज्या डब्यातून मी निघालो त्यातले माझे दोघे भाऊ कुंपणापलीकडे गेले ते गेलेच. मी मात्र एका वहिनींच्या पिशवीत टिकून राहिलो. तशा त्या त्यांच्या नणंदेच्या वहिनी. पण सारखं तेच कानावर पडतं, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

वहिनी दातांच्या डॉक्टर. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणायचं आणि संध्याकाळी क्लबात नणंदेबरोबर जोडीने खेळायचं. खेळ बरा होता, सर्व्हिस म्हणजे मात्र आनंदीआनंद. सर्व्हिसला दोन संधी मिळतात. दोन्ही चुकल्या की गुण समोरच्यांना. वहिनी असे गुण वाटत सुटायच्या.

गेल्या वर्षीची स्पर्धा त्यापायीच गेली. नणंद घाम पुसत म्हणाली, "वहिनी, राग मानू नकोस. पण हे सुधारलं नाही तर मी दुसरी जोडीदार बघेन."

राग नाही आला वहिनींना, वाईट वाटलं. लग्न होऊन आल्यापासून दोघींचं जमलं ते फक्त मैदानावर. घरात त्या एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत. जोडी तुटली तर उरणार काय, हाच घोर त्यांना लागला.

मग दवाखान्यात जायच्या आधी हॉलमध्ये सराव सुरू झाला. मला मारायचं नाही, नुसतं वर फेकायचं आणि पुढच्या पावलाशेजारी पडू द्यायचं. सर्व्हिसचं अर्धं काम म्हणे त्या फेकण्यात असतं. पहिल्याच दिवशी मी छताच्या दिव्यावर आदळलो. काच खळ्ळकन खाली आली. सासूबाई पेपरातून मान वर न करता म्हणाल्या, "झालं? आता पंखा तेवढा राहिला."

तेव्हापासून वहिनींचा हात आखडला. मी पंख्याच्या खालूनच माघारी फिरायचो. पडायचो मात्र अचूक, ठरलेल्या फरशीवर. वहिनी खूश.

मैदानावर पहिले पाढे पंचावन्न. प्रत्येक सर्व्हिस जाळ्यात. शिकवणारे सर सांगायचे, "उंच फेका, उंच."

"फेकतेय की," वहिनी म्हणायच्या, आणि त्यांना खरंच तसं वाटायचं. मला सगळं कळत होतं. पण चेंडूला विचारतो कोण?

एका संध्याकाळी सासूबाई फिरत फिरत तिथे आल्या आणि बाकावर बसून बघू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अगं, इथे छत नाहीये. दिवा फुटायचा नाही."

वहिनींनी वर पाहिलं. मग इतक्या हसल्या की खालीच बसल्या. पुढच्या खेपेला मी हॉलमध्ये कधी गेलो नव्हतो इतका वर गेलो. फार बरं वाटलं. वहिनींचा हात पहिल्यांदा पुरता वर पोचला आणि मी जाळ्यावरून पलीकडच्या चौकोनात पडलो.

हॉलमध्ये फेकणं बंद झालं. सगळा सराव उघड्यावर. फेक वाकडी गेली की मारायचं नाही, झेलायचं आणि पुन्हा फेकायचं, त्याला चूक धरत नाहीत, हे अंगवळणी पडायला बरेच ऊन-पाऊस जावे लागले.

यंदाची स्पर्धा आली. तिथे नवे कोरे चेंडू असतात. मी पिशवीत होतो. चेन उघडी होती म्हणून दिसत होतं. अटीतटीला सर्व्हिस वहिनींची. पहिली जाळ्यात गेली. दुसरीला वाऱ्याने फेक हलली. वहिनींनी ती शांतपणे झेलली. समोरच्या बायका गालात हसल्या. वहिनींनी पुन्हा फेकली, मारली, आत. त्या दिवशी त्यांनी एकही गुण फुकट दिला नाही.

तरी सामना गेला. जाळ्याजवळचे सोपे चेंडू नणंदेने बाहेर मारले, एकामागून एक.

दोघी बाकावर बसल्या. वहिनी बुटांच्या नाड्यांची उगाच सोडबांध करत होत्या. शेवटी नणंदच म्हणाली, "आज मी घालवली मॅच. तुला दुसरी कोणी बघायची असेल तर बघ."

वहिनींनी पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. "उद्या सकाळी लवकर मैदानावर ये. चेंडू मी आणते."

आता मला दोघी आळीपाळीने वापरतात. माझी लव झडली, हवा गेली. आपटलं तर गुडघ्यापर्यंतही उसळत नाही. क्लबातला पोऱ्या मला कचऱ्यात टाकायला टपलेला असतो. पण सर्व्हिसच्या सरावाला उसळी लागत नाही, बाबा. वर जायचं आणि सरळ खाली यायचं. तेवढं मला अजून जमतंय, आणि त्या दोघी अजून येताहेत. एवढ्यात टाकू नका मला.