मांडीखालचा हात

मी एक जुना फॉर्म बोर्ड आहे. मित्रांनो... थांबा. मित्रांनो वगैरे नंतर. आधी मला भांडायचं आहे.

फॉर्म बोर्ड म्हणजे लाकडी फळी. तिच्यात निरनिराळ्या आकारांचे खड्डे आणि त्या खड्ड्यांत नेमके बसणारे ठोकळे. मूल समोर बसवतात, ठोकळे बाहेर काढतात, घड्याळ सुरू करतात आणि म्हणतात, ‘लाव पटापट.’ मुलाला किती वेळ लागला त्यावरून त्याच्या बुद्धीचा अंदाज बांधतात. मोजणारे शिकलेले असतात. मी फक्त लाकूड आहे.

गोल

वर्ध्याच्या एका सुताराने मला घडवलं. लेकरांच्या बोटांना टोचू नये म्हणून माझी एकेक कड पॉलिश पेपरने घासली. तो फार चांगला माणूस होता. जन्माची गोष्ट एवढीच. पुढे चला.

चौकोन

माझ्यासमोर मुलं कशी वाढतात ते ऐका. वर्षाचं मूल ठोकळा तोंडात घालतं. त्याचं जग अजून जिभेवर असतं. दोन वर्षांचं मूल तो खड्ड्यावर आपटतं. बसला नाही की जोर लावतं, तरी बसला नाही की फेकतं. मग एके दिवशी तेच मूल ठोकळा हातात धरून थांबतं. आपटत नाही. बघतं. मनगट किंचित वळवतं. ठोकळा बसतो.

ते थांबणं म्हणजे विचार. हाताने करायचं काम त्या मुलाने आधी डोक्यात करून पाहिलेलं असतं. त्याहून सुंदर काही मी पाहिलेलं नाही. आणि मोठी माणसं नेमकी तेव्हाच ओरडतात, ‘झोपलं का काय? लाव ना!’

चांदणी

या जागी माझ्या कौतुकाचे दिवस यायला हवेत. आत्मवृत्तात ते असतात. माझेही होते. सांगणार नाही.

त्रिकोण

परवा आर्वीला मुलांच्या तपासणीचं शिबिर होतं. मुलांची बुद्धी तपासणाऱ्या नंदिनी मॅडम मला पिशवीत घालून घेऊन गेल्या. सभागृहात सतरंजी अंथरलेली, बाहेर रांग. आत तिघं आली: दुसरीतली आकांक्षा, तिची आई हर्षा आणि तिचे वर्गशिक्षक प्रफुल सर.

सर टेकायच्या आधीच बोलले, “मॅडम, ही पोट्टी काहीच करत नाही. एक शब्द लिहायले अर्धा तास. मंदबुद्धीचा दाखला देऊन टाका, म्हणजे नागपूरले वसतिगृहाच्या शाळेत पाठवता येते. तिचंही भलं, आमच्या वर्गाचंही.”

“दाखला म्हणजे चहा आहे का सर, मागितला की द्यायला?”

हर्षा पुढे सरकली. “मॅडम, घरी खूप हुशार हाये जी ते. बापाच्या सायकलची उतरलेली चेन चढवून देते. मले तिले दूर नाई पाठवाचं.”

“चेनीचा पेपर नसते बाई दुसरीले,” सर म्हणाले आणि स्वतःच हसले.

माझे ठोकळे बाहेर काढले. घड्याळ सुरू झालं.

आकांक्षा मांडी घालून बसली होती. उजवा हात पुढे, डावा हात मांडीखाली, मुठीसकट दाबलेला. तिचे डोळे खड्ड्यावर आधीच पोचलेले असायचे. उजवा हात मात्र मागाहून यायचा, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा. ठोकळा घसरायचा. ती सरांकडे बघायची. परत उचलायची.

वेळ वाढत गेला. दुसऱ्या खेपेला आणखीच उशीर.

“पाहा. म्हटलं नव्हतं मी?” सर म्हणाले. त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बाहेर गेले.

तिसरी खेप. आकांक्षाने दाराकडे पाहिलं. मांडीखालून डावा हात बाहेर आला. त्यावर सतरंजीची लाल नक्षी उमटली होती. त्या हाताने अर्धगोल उचलला. थांबली. वळवला. बसवला.

“ए माय! डावा नोको!” हर्षाने तिचं मनगट धरलं.

“हात का धरता तिचा?”

“सरांनी सांगतलं जी, डाव्या हातानं लिवलं तं डोकं उलटं चालते. घरीबी सवय मोडा म्हणे. म्हणून बसमधीच बजावलं तिले, मॅडमसमोर डावा हात काढू नोको.”

“आणि काढला तर काय होतं ग?” मॅडमनी आकांक्षाला विचारलं.

ती पहिल्यांदाच बोलली. “पट्टी.” आणि बोटांची पेरं पुढे केली.

फुली

आता माझं ऐका. उजव्या हाताला चालवतो मेंदूचा डावा भाग, आणि डाव्या हाताला चालवतो उजवा भाग. दोन्ही एकाच डोक्यातले. कुणाचा उजवा हात आधी पुढे येतो, कुणाचा डावा. त्यात उलटं काही नाही, सुलटं काही नाही. पण पुढे येणाऱ्या हाताला मार बसला की मुलाचं सगळं लक्ष तो हात लपवण्यात जातं. अक्षरासाठी काय उरणार? कपाळ? आधी पाय बांधायचे, मग शर्यतीत मागे पडला म्हणून लंगडा ठरवायचा, आणि वर म्हणायचं, तुझंच भलं!

मॅडमनी घड्याळ बंद केलं. आधीचे आकडे खोडले. “पुन्हा पहिल्यापासून. तिला हव्या त्या हाताने.”

हर्षाने तिचं मनगट लगेच सोडलं नाही. मॅडमकडे पाहिलं, मग स्वतःच्या मुठीकडे. मूठ उघडली.

आणि मग खट. खट. खट. फुली, चौकोन, त्रिकोण. मी भरत गेलो. शेवटचा ठोकळा बसल्यावर आकांक्षा हसली नाही. दाराकडे बघत राहिली.

सर आत आले. “अरे, डावा! काय शिकवलं होतं तुले?” ते तिच्या हाताकडे वाकले.

हर्षा मध्ये उभी राहिली. “सर, तिच्या हाताले हात नोका लावू.”

“शिस्त लावून राह्यलो बाई मी.”

“शिस्त नाई जी. पट्टी मारून राह्यले तुमी.”

“सर, दाखला मिळणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “या मुलीची बुद्धी तिच्या वयाला साजेशी आहे. आणि पट्टीबद्दल मी वर लेखी कळवणार आहे.”

“कळवा ना,” सर म्हणाले. “वर्ग तं मीच घेतो.”

ज्याला खड्डा नाही

आकांक्षा नागपूरला जाणार नाही. ती आईजवळ राहील. आणि सोमवारी त्याच वर्गात बसेल, त्याच माणसासमोर. मॅडमचं पत्र फिरत फिरत पोचेल तेव्हा पोचेल.

मी तिथे नसेन. पिशवीत असेन. पट्टी तिथे असेल. तीही लाकडाचीच असते, आणि मला त्याची लाज वाटते.

पण मित्रांनो, तुम्ही तिथे असाल. तिच्या बाकावर नाही तर तिच्यासारख्या दुसऱ्या कुणाच्या बाकावर. पट्टी वर गेली की वहीत डोकं खुपसू नका. ‘आपल्याला काय’ म्हणू नका. उभे राहा. एकट्याची भीती वाटली तर सगळा वर्ग उभा राहा. आणि मोठ्याने म्हणा:

‘सर, लिहू द्या तिले.’