बाणचा खुबा

डॉक्टरने बाणची मागची तंगडी धरून हळूच मागे ताणली. तो केकाटला नाही. मान वळवून त्याने तिच्या मनगटाला नुसती जीभ लावली.

"सोसतोय," डॉक्टर म्हणाली. "असे सोसणारेच उशिरा आणतात लोक."

टेबलापलीकडे सर उभे होते. तीस वर्षं शाळेत व्यायाम शिकवून गेल्या साली निवृत्त झालेले. गल्लीतलं शेंबडं पोरही त्यांना सरच म्हणे. बसा म्हटलं तरी ते बसत नसत. त्यांची मुलगी मात्र खुर्चीत होती, डावा पाय लांब सोडून.

डॉक्टरने एक्स-रे उजेडावर लावला.

"खुबा म्हणजे वाटीत बसवलेला गोळा. याची वाटीच उथळ आहे, जन्मापासून. पण दहा महिन्यांत एवढी झीज होत नाही. पळवता का याला?"

"थोडंफार," सर म्हणाले.

"रोज पाच किलोमीटर," मुलगी म्हणाली. "स्कूटरमागे. चौथ्या महिन्यापासून."

चहाडखोर विद्यार्थ्याकडे बघावं तसं सरांनी तिच्याकडे बघितलं.

कुत्रा तिनेच आणला होता. निवृत्तीनंतर सर घरात बसून सगळ्यांचं डोकं खात होते. पिल्लू मांडीवर आलं की माणूस निवेल, असं तिला वाटलं. आठवड्याच्या आत पिल्लाचं नाव बाण पडलं आणि त्याच्या फेऱ्यांच्या वेळा वहीत चढू लागल्या. पोरीचे दोन पाय वापरून झाल्यावर आपणच यांना चार आणून दिले, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण त्या दिवसांत सर तिच्याशी बरं बोलत होते, म्हणून ती गप्प बसली.

"दोन मार्ग आहेत," डॉक्टर म्हणाली. "एक, अख्खा सांधा काढून धातूचा बसवायचा. तीन महिने कडक विश्रांती. मध्येच पळाला, उडी मारली, तर सांधा निखळू शकतो. पण नीट सांभाळलं तर पुढे मस्त पळेल. दुसरा, मांडीच्या हाडाचा गोळाच कापून टाकायचा. घासणं थांबतं, दुखणंही बरंच थांबतं. पण हा अंगाने थोराड आहे, लंगडेल. याच्यासाठी मी पहिला सांगेन."

सर टेबलावर वाकले.

"दुखेल का हो त्याला फार?"

"औषधं असतात."

"नाही, पण झोप लागेल ना? तळमळला तर? मुकं जनावर, सांगणार कुणाला."

मुलगी ऐकत होती. सतराव्या वर्षी ती अशाच खोलीत बसली होती, समोर असाच एक्स-रे, तिच्या डाव्या पायाचा. तेव्हा सरांनी एकच विचारलं होतं, की धावण्याच्या स्पर्धेपर्यंत निभेल का. निभलं. ती तिसरी आली. कप अजून टीव्हीशेजारी आहे, दर रविवारी सर तो पुसतात.

"पहिलाच करू," सर म्हणाले. बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे थंडी संपायच्या आत गडी मैदानावर."

"दुसरा," मुलगी म्हणाली.

"अगं, डॉक्टर पहिला म्हणतायत."

"ऐकलं मी."

"मी थांबेन तीन महिने. शब्द देतो."

"बाबा, माझ्या वेळी तुम्ही तीन दिवस थांबला नाहीत."

"तेव्हा मला कळलं नव्हतं."

"कळलं होतं. मी शेजारीच बसले होते."

डॉक्टर उगाच कागद चाळू लागली. सर एक्स-रेकडे बघत राहिले.

"कुत्रा माझ्या नावावर आहे," मुलगी म्हणाली. "सही कुठे करायची?"

"पुन्हा सांगते," डॉक्टर म्हणाली, "कुत्र्याच्या दृष्टीने पहिला बरा."

"असेल. पण तो आमच्या घरात राहतो."

सही एका झटक्यात झाली. सूड उगवायला इतका थोडा वेळ पुरतो, हे तिला ठाऊक नव्हतं. बाण टेबलावरून तिच्याकडे बघत शेपूट हलवत होता. तिने पेन परत केलं.

सरांनी त्याला उचलून खाली ठेवलं, पट्टा हातात घेतला आणि बाहेर पडले. लांबलचक व्हरांडा, त्यात सरांच्या ढांगा. बाण तीन पायांवर उड्या मारत त्यांना गाठायला बघत होता, जीभ बाहेर, कान मागे, खुशीत.

"बाबा, हळू."

ते दारापाशी थांबले आणि वळले. बाण त्यांच्या गुडघ्यांवर आदळला आणि पुढच्या हुकमाची वाट बघत वर बघू लागला. सर त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर त्याच्यावरून पलीकडे, तिच्या डाव्या पायावर होती.

तिने भिंतीला हात टेकला. तिला धाप लागली होती. खोलीपासून इथवर ती चालत आली नव्हती, पळत आली होती.