चाकात दोष नव्हता

मित्रांनो, सागाच्या लाकडाचा, तीन चाकांचा एक पांगुळगाडा आज तुमच्याशी बोलतो आहे. नाशिकच्या भद्रकालीत कोंडाजी सुतारांनी मला घडवलं. बाळाच्या तळहाताला कुसळ टोचू नये म्हणून त्यांनी माझा दांडा दोन दिवस घासला. १९९६ साली कमळाबाईंनी मला सिडकोतल्या आपल्या घरी नेलं, नात निकितासाठी.

निकिता तेव्हा सव्वा वर्षाची होती. रांगायची, खुर्ची धरून उभी राहायची. पाऊल मात्र टाकत नव्हती. कमळाबाई सुनेला म्हणायच्या, "मोहिनी, तू लय कडेवर घेती तिला. चालंल कशी?" कित्येक महिने रोज हेच. मोहिनी मान खाली घालून पोळ्या लाटायची.

माझा दांडा धरून निकिताने पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा सारं घर हसलं. पण चार दिवसांतच सगळ्यांच्या लक्षात आलं, की मी सरळ जात नाही. डावीकडे वळतो आणि भिंतीवर आदळतो. दुसऱ्यांदा आदळलो, तेव्हा निकिताचा ओठ फुटला.

"गाडाच वाकडा दिलाय," कमळाबाई म्हणाल्या. निकिताचा सगळा भार डाव्या बाजूला पडतो, हे मला दांड्यावर कळत होतं. पण मला सांगता येत नव्हतं.

कोंडाजींना घरी बोलावलं. त्यांनी मला उलटं करून चाकं फिरवून पाहिली. मग निकिताच्या हातात दांडा दिला आणि जमिनीवर बसून ती चालताना बराच वेळ पाहत राहिले.

"चाकात दोष नाय, बाई. पोरीचा डावा पाय आखूड वाटतो. डॉक्टरला दाखवा."

"तुम्ही लाकडाचं बघा," कमळाबाई म्हणाल्या. "पोरीच्या जातीला असं बोलत्यात का?"

दुपारी मोहिनीने निकिताला उताणं निजवलं, दोन्ही गुडघे दुमडून शेजारी शेजारी धरले. डावा गुडघा खाली राहिला होता. तिने पुन्हा धरून पाहिले, मग तिथेच बसून रडली. दुसऱ्या दिवशी सासूला न विचारता ती निकिताला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली.

खुब्याचा सांधा जन्मापासूनच निसटलेला होता. ऑपरेशन झालं आणि कंबरेपासून पायापर्यंत प्लास्टर घातलं. तीन महिने निकिता एका जागी पडून रडायची, आणि मी कोपऱ्यात उभा असायचो. प्लास्टर निघालं तेव्हा तिला बसताही येईना. कुशीवर वळणं, बसणं, रांगणं, सगळं तिने पहिल्यापासून शिकून घेतलं.

एके सकाळी कमळाबाई म्हणाल्या, "मोहिनी, तुला उगाच बोलत राहिले मी."

"आई, आधी तिला धरा," मोहिनी म्हणाली. "ती उठायला बघतेय."

सव्वादोन वर्षांची असताना निकिता एकटी चालली. किंचित लंगडत. आणखी लवकर आणली असती तर एवढंही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरातलं लहानगं अडखळत असेल, तर त्याला वेळेवर दाखवा. चूक कुणाची, हे ठरवत बसू नका. आमच्या घरात त्यात जे महिने गेले, ते निकिताच्या चालीत अजून दिसतात.