बाकांची गाडी

सुज्ञ वाचकहो, देवाचे सामर्थ्य आणि मनुष्याची अवज्ञा यांविषयी शास्त्रात जो एक कठीण उतारा आहे, तो आमच्या ओहायोतील खोऱ्यात एका घरी कसा वाचला गेला, याचा वृत्तांत मी यथाशक्ती निवेदन करीत आहे.

सलोमाने बादलीत फडके पिळले आणि ते हातातच धरून ती थोरल्या दिराकडे वळली.

“खिडक्या धुऊ की नको, तेवढं सांगा भाऊजी.”

योनासने टोपी गुडघ्यावर ठेवली. तो आमच्या ख्रिस्ती मंडळीचा उपदेशक होता. आमच्यात उपदेशक चिठ्ठीने निवडतात. चिठ्ठी निघेपर्यंत त्याने गाईंखेरीज कुणाला उपदेश केला नव्हता. आमची उपासनाही आळीपाळीने प्रत्येकाच्या घरी भरते, आणि लाकडी बाकांची गाडी या घरून त्या घरी जाते. आता पाळी सलोमाची होती.

“बिशप तोबियास म्हणतात, गाडी या वेळी पुढच्या घरी जाऊ दे. तुझ्यावर भार नको.”

“भार कसला? बाकं काय मी उचलते?”

खरे कारण दोघांनाही ठाऊक होते. उन्हाळ्यात एका रविवारी आभाळ दाटलेले पाहून तिचा नवरा एमॉस, रविवारच्या कामाला असलेली बिशपची मनाई डावलून, वाळलेले गवत आणायला गेला. गाडी कलंडू लागली, सावरायला त्याने खांदा दिला, आणि तो तिच्याखाली सापडून मेला. पुढच्या उपासनेत तोबियासने उज्जाचा उतारा सांगितला. देवाचा कोश, म्हणजे त्याच्या आज्ञांची पवित्र पेटी, गाडीतून नेत असता बैल अडखळले. ज्याला स्पर्शाची मनाई होती त्या कोशाला उज्जाने हात लावून सावरले, आणि देवाच्या कोपाने तो जागीच मेला. एमॉसचे नाव कुणी घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती.

“उज्जा वाईट होता का हो?”

“अवज्ञा झाली त्याच्या हातून.”

“ते कळलं. वाईट होता का, ते विचारते. गाडी दारावरून पुढं गेली, तर पोरांना मी काय सांगू? देवानं आपलं घर टाकलं म्हणून? तुम्ही उपदेशक. तुम्हाला नाही कळत, तर कुणाला विचारू?”

“त्या चिठ्ठीला विचार.”

ती हसली नाही. तिने फळीवरचे जर्मन बायबल त्याच्यापुढे ठेवले.

योनास ओळींवरून बोट फिरवू लागला. उज्जाच्या मरणापाशी बोट थांबले. उपदेशही नेहमी तेथेच थांबत असे. मग ते पुढे सरकले. दावीद राजा भ्याला. कोश आपल्या नगरात न्यायला तो धजला नाही. कोश ओबेद-अदोम नावाच्या माणसाच्या घरी राहिला, आणि देवाने त्या घराला आशीर्वाद दिला.

ओठ हलवीत योनासने ते पुन्हा वाचले. मग त्याने टोपी घातली.

“धू खिडक्या.”

शनिवारी त्याने गाडीला घोडे जोडले, तेव्हा तोबियास काठी टेकीत आला.

“देवाला न भिणं बरं नव्हे, योनास.”

“भितो ना. दावीदसुद्धा भ्याला. पण कोश कुणाच्या तरी घरी जायलाच हवा होता, बिशप.”

“ने तर मग. माझं मन नाही. मी मागून नुसता चालतो.”

सलोमाच्या फाटकापाशी उतारावर चाक चरीत गेले. बाके धडधडत एका अंगाला आली आणि गाडी कलली. योनास लगाम धरून ओरडला. मागे तोबियास एकटाच होता. त्याची काठी खाली पडली. त्याने दोन्ही हात गाडीला लावले, मग खांदा लावला. घोड्यांनी ओढ घेतली. गाडी सरळ झाली.

तोबियास तळहात गाडीवर टेकून तसाच उभा राहिला. योनासने मागे पाहिले आणि मग तो घोड्यांचे पट्टे उगाच तपासू लागला.

बिशप म्हणाला, “विचार करायला वेळच मिळत नाही रे.”

ओसरीवरून सलोमाने हाक दिली, “दोघं पाय पुसून या हं! घर धुतलंय.”

येथवर ज्यांनी धीराने वाचले, त्या सर्वांचा मी, एनोस गिंगरिच, मनःपूर्वक ऋणी आहे.